पावसाचा हिशेब ठेवणारी माणसं

(वेधशाळेची जडणघडण, तिथले संशोधक आणि आपल्या मुला-मुलींसाठी एक वेगळी वाट)



मृग नक्षत्र तोंडावर आले किंवा गळिताची तारीख ठरायची वेळ झाली, की शेतकी खात्याच्या माणसाला गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो : "साहेब, पावसाचं काय म्हणत्यात?" आडसालीची लागण आता धरायची की आठ दिवस थांबायचे, खोडव्याला खताचा हप्ता आज टाकायचा की उद्या, टोळी कोणत्या फडात घालायची, या सगळ्यांचे उत्तर शेवटी आभाळाकडे असते. आणि अंदाज चुकला की पारावर वेधशाळेचा उद्धार ठरलेला. "वेधशाळेनं पाऊस सांगितलाय, मग वाळवण घालायला हरकत न्हाई," हा विनोद आता म्हातारा झाला, तरी दर पावसाळ्यात नव्याने सांगितला जातो.

त्या विनोदाला आम्हीही हसतो. पण ज्या खात्याच्या दोन ओळी ऐकून आपण लाखो रुपयांचा ऊस उभा ठेवतो किंवा तोडतो, ते खाते कोणी उभारले, तिथली माणसे दिवसभर काय करतात आणि त्यांचा अंदाज नेमका कुठे चुकतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या अंकात बेणे, खत आणि ठिबक बाजूला ठेवून या माणसांची ओळख करून द्यावी असे ठरविले. दुसरेही एक कारण आहे. बारावीचे निकाल लागले की सभासदांची मुले-मुली गट ऑफिसला येतात आणि पुढे काय करावे म्हणून विचारतात. डॉक्टर, इंजिनिअर आणि स्पर्धा परीक्षा या तीन दारांपलीकडे चौथे दार असते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

वादळ आणि दुष्काळ यांतून निघालेले खाते

१८६४ साली कलकत्त्याला एका भयंकर चक्रीवादळाने झोडपले. पाठोपाठ १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला. माणसे आणि जनावरे मेली, सारा बुडाला. तेव्हा कुठे सरकारचे डोळे उघडले आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. २०२५ साली या खात्याला दीडशे वर्षे पूर्ण झाली.

खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हा माणूस मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. देशभर विखुरलेली निरीक्षणे त्यांनी एका पद्धतीत आणली. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ जास्त पडले तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडण्याकडे कल असतो, असे त्यांच्या लक्षात आले. त्या आधारावर ४ जून १८८६ रोजी भारत आणि ब्रह्मदेश यांच्यासाठी हंगामी पावसाचा पहिला रीतसर अंदाज जाहीर झाला. आज एप्रिल महिन्यात वर्तमानपत्रात "यंदा पाऊस सरासरीच्या इतके टक्के" अशी बातमी येते, तिचे मूळ या घटनेत आहे.

खात्याची मुख्य कचेरी आधी कलकत्त्याला होती, पुढे शिमल्याला गेली. १९२८ साली ती पुण्यात आली आणि १९४४ साली दिल्लीला हलली. शिमल्याहून आलेली कचेरी म्हणून पुणेकरांनी त्या दगडी इमारतीला 'शिमला ऑफिस' हे नाव दिले, ते कायमचेच चिकटले. आपल्यापैकी जे सभासद कामानिमित्त साखर संकुलात जातात, त्यांना शिवाजीनगर भागातली ही इमारत जाता-येता दिसते. पुढच्या वेळी तिच्याकडे मान वर करून जरूर पाहावे.

आकडेमोड करणारे वॉकरसाहेब

१८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात कायम असे. त्या वर्षी हवामान खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता आणि तो साफ चुकला. नुसत्या बर्फावर विसंबून भागत नाही हे कळून चुकले. १९०४ साली खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. हे केंब्रिजचे नामांकित गणिती. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. ऑस्ट्रेलियातले आदिवासी शिकारीसाठी जे वाकडे लाकूड फेकतात, ते बूमरँग हवेत कसे वळते याचा त्यांनी अभ्यास केला होता, म्हणून त्यांना 'बूमरँग वॉकर' म्हणत.

वॉकरांनी जगभरच्या ठाण्यांवरचे हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे मागविले. त्या काळी संगणक नव्हता. भारतीय कारकुनांची एक फौजच रात्रंदिवस बेरजा-गुणाकार करीत बसे. कुठल्या गावचा कुठला आकडा आपल्या पावसाशी जुळतो, हे ते तपासत. वीस वर्षांच्या या खटाटोपातून एक मोठी गोष्ट हाती लागली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे वाढतो. शाळेच्या मैदानात फळीच्या दोन टोकांना पोरे बसतात, तसाच हा प्रकार. १९२४ साली वॉकरांनी याला 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. १९६९ साली याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने समुद्र तापण्याचा, म्हणजे 'एल निनो'चा, या आंदोलनाशी संबंध उलगडून दाखविला. हवेच्या त्या चक्राला त्यांनी 'वॉकर अभिसरण' असे नाव दिले. आज टीव्हीवर एल निनो ऐकले की आपल्या पोटात गोळा येतो, त्या शब्दामागे त्या कारकुनांच्या वह्या आहेत.

पण एल निनो म्हणजे दुष्काळ असे गणित पक्के मांडू नये. १९९७ साली शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका पडला. २००२ साली एल निनो मध्यम होता आणि दुष्काळ मात्र मोठा पडला.

वॉकरांची आणखी एक आठवण सांगण्याजोगी आहे. १९१३ साली मद्रासला एका बंदर कचेरीतल्या कारकुनाची गणिते त्यांच्या पाहण्यात आली. त्याला काम सोडून गणितच करू द्यावे, अशी शिफारस त्यांनी विद्यापीठाला केली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

मातीजवळ बसलेले रामदास

शेतकऱ्याच्या दृष्टीने आम्हाला सर्वांत जवळचे वाटतात ते एल. ए. रामदास. १९३२ साली पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो त्यांच्या हातून. या विषयाचे भारतातले जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. उंच मनोऱ्यावरची हवा मोजणे वेगळे आणि पिकाच्या बुडख्यापाशी हवा कशी वागते ते मोजणे वेगळे, हे त्यांनी ओळखले.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सर्वांत गार जागा कोणती? कोणीही म्हणेल, जमीन. पुस्तकातही तसेच होते. पण रामदासांनी थर्मामीटर वेगवेगळ्या उंचीवर ठेवून पाहिले, तेव्हा उघड्या जमिनीपेक्षा तिच्यावर वीत-हातभर उंचीवरची हवा जास्त गार भरली. १९३२ साली त्यांनी आणि आत्मनाथन यांनी हे प्रसिद्ध केले. बाहेरदेशी अनेकांनी मान्य केले नाही, मोजण्यात चूक असेल म्हणाले. रामदास आपल्या आकड्यावर ठाम राहिले. पुढे दुसऱ्यांनी मोजले तरी तेच आले, आणि १९९० च्या दशकात बंगळूरचे रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा गणिती खुलासा मांडला. आज जगात त्या थराला 'रामदास थर' म्हणतात.

जमिनीचा रंग आणि तिचे तापमान यांवरही त्यांच्या विभागात प्रयोग झाले. काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिला तर ऊन परत फेकले जाते आणि माती कमी तापते, हे त्यात दिसून आले. खोडव्यात पाचट पेटवू नका, सरीत पसरून ठेवा, असे आम्ही दर गट-बैठकीत सांगतो, त्यातले निम्मे शास्त्र हेच आहे. पाचटाखालची माती उन्हात कमी तापते, ओल टिकते, वाफसा लांबतो. काडी ओढायला एक मिनिट लागतो, पण त्या मिनिटात पुढच्या दोन पाण्यांची बचत जळून जाते.

हत्यार नीट हवे, म्हणणाऱ्या अ‍ॅना मणी

आमच्या भगिनी सभासदांनी आणि त्यांच्या मुलींनी हा भाग आवर्जून वाचावा. अ‍ॅना मणी यांचा जन्म १९१८ सालचा, केरळातल्या पीरमेड या डोंगरी गावचा. घरची वेलदोड्याची शेती. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळायच्या होत्या. पोरीने कुड्या नाकारल्या आणि ज्ञानकोशाचे खंड मागून घेतले.

बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांवर संशोधन केले, पाच निबंध लिहिले. पण एम. एस्सी. नाही म्हणून विद्यापीठाने पीएच. डी. दिली नाही. त्या रडत बसल्या नाहीत. १९४५ साली लंडनला जाऊन हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेतले आणि १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा आपल्याकडे साधी साधी उपकरणेसुद्धा परदेशातून आणावी लागत. अ‍ॅना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे ठरवून दिले आणि ती देशात बनू लागली. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असे त्यांचे सांगणे असे. हे वाक्य आमच्या मते प्रत्येक वजनकाट्यावर आणि प्रत्येक प्रयोगशाळेत लावावे.

१९५७-५८ मध्ये त्यांनी देशभर सूर्याची उष्णता मोजणारी ठाणी उभी केली. १९७६ साली उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, पण काम थांबले नाही. १९८० च्या सुमारास भारतातल्या सूर्यप्रकाशाच्या आकड्यांचे ग्रंथ आणि पुढे १९८३ साली वाऱ्याच्या आकड्यांचा ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात आणि विहिरीवर सौर पंप बसतात. वारा कुठे किती आणि ऊन कुठे किती, हे मोजून ठेवणाऱ्या पहिल्या पिढीत ही बाई होती. २००१ साली त्या वारल्या.

पुण्याची संस्था आणि ढगातले मीठ

१९६२ साली पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी. पुढे ते अवकाश संशोधनाकडे वळले. १९७० साली केरळात हेलिकॉप्टरमधून खास फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो घेऊन, झाड वरून हिरवे दिसत असतानाच रोग ओळखता येतो, हे त्यांनी दाखविले. आज उपग्रहावरून उसाचे क्षेत्र आणि पक्वता पाहण्याच्या गोष्टी होतात, त्या वाटेवरचे हे पहिले पाऊल.

याच पुण्याच्या संस्थेने आपल्या जवळच एक मोठा प्रयोग केला, हे नव्या पिढीला माहीत नसते. १९७३ ते १९८६ या काळातल्या अकरा पावसाळ्यांत नगर-बारामतीच्या अवर्षणी भागावर विमानातून ढगांत मिठाची भुकटी फवारली गेली. दोन पट्टे आखले आणि कोणत्या दिवशी कोणत्या पट्ट्यात फवारायचे, हे आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, म्हणजे कोणाला हवा तसा निकाल काढता येऊ नये. हिशेबात सुमारे २४ टक्के जादा पाऊस दिसला. पुढे २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर भागात रडार, विमान आणि पर्जन्यमापकांचे जाळे घेऊन पुन्हा प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. योग्य ढग असले तर पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढू शकतो, असा तो आहे.

यातला 'योग्य ढग असले तर' हा भाग सभासदांनी अधोरेखित करावा. पाऊस लांबला की "कृत्रिम पाऊस पाडा" अशी मागणी होते. पण बियाणे कितीही चांगले असले तरी रान कोरडे ठणठणीत असेल तर उगवण होत नाही. ढगाचेही तसेच. आभाळच निरभ्र असेल तर विमान उडवून काय उपयोग?

गोवारीकर आणि गाडगीळ

आपल्या मराठी मातीतली दोन नावे इथे घेतलीच पाहिजेत. १९८७ च्या दुष्काळानंतर डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी हंगामी पावसाच्या अंदाजासाठी १६ घटकांचे सूत्र बसविले. १९८८ पासून ते वापरात आले. हिमालयातले बर्फ, समुद्राचे तापमान, वाऱ्याची दिशा असे सोळा धागे त्यात होते. १९८८ चा पाऊस चांगला झाला आणि घरोघरी गोवारीकरांचे नाव पोचले. पुढची बरीच वर्षे सूत्र चालले. २००२ साली मात्र सरासरीइतक्या पावसाचा अंदाज असताना हंगाम १९ टक्के तुटीचा गेला. जुलै महिन्यात तर नेहमीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. त्याच साली आपल्याकडे लोकरी माव्याने ऊस गाठला होता, त्यामुळे ते वर्ष जुन्या सभासदांच्या चांगलेच ध्यानात आहे. हवामान खात्याने चुकलेले सूत्र कवटाळून न ठेवता २००३ साली नवी सूत्रे आणली. शास्त्र पुढे जाते ते असेच.

दुसरे नाव डॉ. सुलोचना गाडगीळ. जन्म पुण्याचा, १९४४ चा. फर्ग्युसनमधून शिकल्या, हार्वर्डहून पीएच. डी. घेतली आणि परदेशात न राहता परत आल्या. आधी पुण्याच्या संस्थेत आणि १९७३ पासून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले. १९८० साली डी. आर. सिक्का यांच्याबरोबर त्यांनी उपग्रहाची छायाचित्रे तपासून दाखविले की, मोसमी ढगांचे पट्टे समुद्रावरून निघून टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे सरकतात. पावसाळ्यात आठ दिवस झड आणि मग पंधरा दिवस उघडीप असे का होते, याचे एक मोठे उत्तर त्यात आहे. त्या नुसत्या कागदावर थांबल्या नाहीत. कर्नाटकातल्या पावगड भागात कोरडवाहू भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून, अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेऊन, पेरा कधी केला तर धोका कमी, याचा हिशेब त्यांनी मांडला. शेतकऱ्याला प्रश्न विचारून सुरुवात करणारे संशोधन म्हणून आम्हाला त्याचे मोल फार वाटते. २०२५ च्या जुलैत त्यांचे निधन झाले.

अंदाज चुकतो तो कशामुळे?

१९६१ सालची गोष्ट. अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे शास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे गणित चालवीत होते. एकदा त्यांनी ०.५०६१२७ हा आकडा पूर्ण न घालता ०.५०६ एवढाच घातला आणि चहा-कॉफीला गेले. परत येऊन पाहतात तर सुरुवातीला जुळणारे हवामान पुढे इतके फाकले होते की दोन्हींचा काही संबंधच उरला नव्हता. दशांशाच्या चौथ्या घरातल्या फरकाने आभाळ पालटले! यातून हे कळले की, आजची हवा आपण कितीही नीट मोजली तरी बारीक चूक राहतेच आणि दिवसागणिक ती वाढत जाते. म्हणून दोन-तीन दिवसांचा अंदाज भरवशाचा, आठवड्याचा बरा, आणि दोन आठवड्यांपलीकडे अमुक गावी अमुक तारखेला पाऊस असे कोणी सांगत असेल तर ते मनोरंजन समजावे. मोबाईलवर फिरणाऱ्या महिन्याभराच्या तारीखवार अंदाजांवर आडसालीची लागण ठरवू नका, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. हवामान खात्याचे शब्द मोजूनमापून वापरलेले असतात :

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या चारातल्या एका ठाण्यापर्यंत, २५ टक्क्यांच्या आत.
'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के.
'अनेक ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के.
'बहुतांश ठिकाणी' म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर.

तसेच चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ पासून पुढे 'अत्यंत जोरदार' पाऊस. आता 'तुरळक ठिकाणी पाऊस' असा अंदाज असताना आपल्या शिवारात थेंब पडला नाही, तर अंदाज चुकला असे कसे म्हणावे? तीन गावे कोरडी आणि एक गाव भिजले, तरी तो बरोबरच.

पूर्वी हे गणित मोठमोठ्या चौकटी धरून होई, एका चौकटीत अर्धा तालुका मावे. २६ मे २०२५ रोजी पुण्याच्या संस्थेने तयार केलेली सहा किलोमीटरच्या चौकटीची नवी अंदाज पद्धत देशाने स्वीकारली. २०१९ साली निघालेले 'मेघदूत' हे अ‍ॅप जिल्हावार पीक सल्ला देते. विजेची सूचना देणारे 'दामिनी' हे अ‍ॅपही पुण्याच्या संस्थेचेच. आमची मुकादमांना आणि वाहतूकदारांना विनंती आहे की, टोळीत निदान एकाच्या मोबाईलवर 'दामिनी' असावे. वळवाच्या दिवसांत फडात कोयता हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दहा मिनिटांची सूचनासुद्धा जीव वाचवणारी असते. आभाळ गडगडले की झाडाखाली जाऊ नये, हेही त्यांना सांगावे.

मुला-मुलींनी काय शिकावे?

या क्षेत्रात यायचे तर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नये, ही पहिली अट. पुढच्या वाटा अशा :

१) बी. एस्सी. (भौतिकशास्त्र किंवा संगणक) झाल्यावर हवामान खात्यात 'सायंटिफिक असिस्टंट' म्हणून जाता येते. भरती केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगामार्फत होते. २०२२ साली अशा ९९० जागा निघाल्या होत्या. त्या वेळी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकाधारकांनाही अर्ज करता आला होता. जागा दरवर्षी निघत नाहीत, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवावे लागते. निवड झाल्यावर खाते स्वतः प्रशिक्षण देते.

२) पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे पुण्याच्या पाषाण भागातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत संशोधन करता येते. तिथे संशोधकाला दरमहा शिष्यवृत्ती मिळते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

३) बी. एस्सी. (कृषी) झालेल्यांनी कृषी हवामानशास्त्रात एम. एस्सी. करावे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात हा विषय आहे. कृषी विद्यापीठांतल्या हवामान केंद्रांतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जे पीक सल्ले निघतात, ते लिहायला पीक आणि आभाळ दोन्ही समजणारा माणूस लागतो.

४) हवाई दलातही हवामानाची स्वतंत्र शाखा आहे. शिवाय खाजगी हवामान कंपन्या, विमा कंपन्या, पवन आणि सौर वीज प्रकल्प यांनाही अशी माणसे लागतात.

आमचे मत स्पष्ट आहे. ज्याने लहानपणी बांधावर बसून आभाळ वाचले, त्याच्याकडे शहरातल्या पोराकडे नसलेली एक शिदोरी असते. ईशान्येचा ढग कसा चढतो, वारा पडला की काय होते, हे त्याला न शिकवता येते. त्याला गणिताची जोड मिळाली तर काय होईल! पण घरोघरी असे दिसते की, मुलगा विज्ञान घेतो आणि मुलीला "जवळ हाय ते कर" म्हणून सांगितले जाते. अ‍ॅना मणी आणि सुलोचना गाडगीळ यांच्या घरच्यांनी तसे केले असते, तर देशाचे किती नुकसान झाले असते, याचा विचार करावा.

आपल्या शिवारातला आकडा

शेवटचा मुद्दा सर्वांच्या हातातला आहे. सुपर कॉम्प्युटर कितीही मोठा असला तरी त्याला खायला आकडे लागतात, आणि आकडा येतो तो पर्जन्यमापकातून. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, ३६ टक्के तूट आली. त्या महिन्यात आपल्या कार्यक्षेत्रातही एका गावात दोन चांगल्या सरी आणि शेजारच्या गावात धुरळा, अशी स्थिती होती. ज्यांनी मोजले होते त्यांनी पाण्याची पाळी त्याप्रमाणे मागे-पुढे केली. ज्यांनी नुसते "झाला की पाऊस" म्हटले, त्यांचा ऊस कांड्यावर आखडला आणि टनेजला फटका बसला.

एका कचेरीत तर पर्जन्यमापक चिंचेच्या झाडाखाली बसविलेला आम्ही पाहिला. निम्मा पाऊस पाने खाणार आणि कागदावर तूट दिसणार. अ‍ॅना मणी असत्या तर तो आधी उपटून टाकला असता.

साधा पर्जन्यमापक फार महाग नसतो. मोकळ्या जागेत, झाड किंवा भिंत जितकी उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर, तोंड अगदी सपाट ठेवून तो बसवावा. दररोज सकाळी साडेआठला मोजावे आणि वहीत तारीख घालून लिहावे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, रकाना रिकामा सोडू नये, कारण रिकाम्या रकान्याचा अर्थ पाऊस नाही की मोजला नाही, हे पुढे कोणालाच कळत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटर झाला तर एकरी एक लाख लिटर आभाळाने फुकट दिले. मग त्या दिवशी मोटार कशाला चालू करायची?

प्रत्येक गावात अशी एक तरी वही असावी आणि ती शाळेतल्या आठवी-नववीच्या मुला-मुलींकडे द्यावी, असा आमचा मनोदय आहे. पुढची दहा वर्षे ही वही नेटाने चालली, तर लागणीच्या तारखा, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा कार्यक्रम ठरविताना शेजारच्या तालुक्याच्या आकड्यावर आपल्याला विसंबून राहावे लागणार नाही. आणि त्या वहीवर रोज सकाळी आकडा मांडणारे एखादे पोर उद्या शिमला ऑफिसच्या पायऱ्या चढले, तर त्याचे श्रेय साऱ्या गावाचे.

ज्या गावांना ही वही सुरू करावयाची आहे, त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन आपल्या गट ऑफिसमध्ये नावे नोंदवावीत. पर्जन्यमापक कुठे आणि कसा बसवावा, हे दाखविण्यासाठी शेतकी खात्याचा माणूस येईल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते